बिडाचा पाना

पुणे,
बुधवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते, पण बाबा "सगळं बरं आहे" म्हणून फोन आईकडे देतात आणि आईला मधेच रडू येतं. म्हणून लिहायला बसले. बाबांनी मोठ्यानं वाचा, म्हणजे आईला चष्मा शोधायला नको.

बाबा, आधीच सांगून टाकते. तो पाना विकणाऱ्या दुकानाची तक्रार मी केली. परवा दुपारी. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की गं, कशाला करूलालीस हे सगळं?" आई म्हणाली, आपल्याला गावात राहायचंय. दोघांचंही ऐकून घेतलं आणि तरीही केली. रागवायचं तर रागवा, पण पत्र पुरं वाचा.

अंगठ्याला चार टाके पडले हे मला आईनं तीन दिवसांनी सांगितलं. नळ आला होता, टाकीखालचा व्हॉल्व्ह गळत होता, तुम्ही पाना लावून जोर दिलात, पान्याचा वरचा जबडा तुटला आणि हात भिंतीवर आपटला. त्या दिवशी ती एवढंच बोलली. दुकानातलं दुसऱ्या दिवशी बोलली. तुटका पाना पिशवीत घालून, हाताला पट्टी बांधलेली असताना, रिक्षा करून दोघं गेलात. काउंटरवरच्या मुलानं मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "विकलेला माल परत घेत नाही. आजोबा, या वयात हात थरथरतो, हिसका बसला असंल." तुम्ही काही न बोलता परत आलात. त्या रात्री जेवला नाहीत.

बाबा, चार टाक्यांपेक्षा ते न जेवणं मला जास्त लागलं. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला पाना धरता येत नाही म्हणायचं?

तो पाना तुमच्या हातामुळं तुटलेला नाही. आईनं पाठवलेला फोटो मी मोठा करून करून बघितला. तुटलेली बाजू काळपट राखाडी, रवाळ, आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी पोकळी. ब्लो होल, ओतताना हवा अडकून राहिलेलं. कडेनं ओतकामाची शिवण तशीच, नुसता वरून चकचकीत मुलामा. तो जबडा बिडाचा, ओतीव लोखंडाचा होता, बाबा. पोलादाचा नव्हताच.

हे मला कळतं ते तुमच्यामुळं. मी पाचवीत असेन. अनगोळच्या जुन्या घरात खिडकीत तुम्ही टेस्टचे तुकडे आणून ठेवायचात. ते सुतळीला बांधून मी चमच्यानं वाजवायचे. एक घंटेसारखा वाजायचा, दुसरा बद्द. घंटेसारखा वाजणारा एसजी बिडाचा, त्यात मॅग्नेशियम घालतात, म्हणून आतला ग्राफाइट गोळ्यागोळ्यांचा होतो. बद्द वाजणारा साधा बिडाचा, त्यात ग्राफाइटच्या पापड्या. ताण आला की तो वाकत नाही, पापडीच्या कडेनं सरळ तडकतो. तुम्ही मला मांडीवर घेऊन तुकड्याची मोड दाखवायचात, आणि तुमच्या बोटांना वाळूचा, धुराचा वास यायचा. तो वास अजून नाकात आहे.

आई, तुझा आंबोळीचा तवा आठव. आजीच्या वेळचा. ओट्यावरून पडला आणि दोन तुकडे झाला, तेव्हा तू दिवसभर गप्प होतीस. तवा म्हणून बीड चांगलंच, धग धरून ठेवतं. बाबा सांगायचे तसं मशीनचा बेडही बिडाचाच बरा, थरथर पिऊन टाकतो. पण ताण घेणारा जबडा घडीव पोलादाचा पाहिजे. तिथं बीड वापरणं म्हणजे फसवणूक आहे, आणि त्या फसवणुकीचं खापर माझ्या बापाच्या वयावर फोडलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते. तो पाना ज्या हत्यारांच्या पेटीतला, ती पेटी मीच घेतली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माळा झाडताना तुमचा जुना पाना गंजलेला दिसला आणि मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. तुम्ही हरताळकेची फळं आणायला गेला होतात. विचारलं नाही. वाटलं, बाबांना नवी, चकचकीत पेटी देऊ. दुकानात सगळं प्लास्टिकमध्ये बंद. "उघडून दाखवा" म्हटलं तर "उघडलं तर घ्यावंच लागेल". "जबडा घडीव आहे का?" विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, सगळे हेच नेतात." प्लास्टिकमधूनही ती शिवण मला दिसली होती, बाबा. दिसली होती. पण बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, घरी सजावट अर्धी पडली होती, मी १,८५० रुपये दिले आणि निघाले. तुम्ही पेटी उघडून "छान आहे" म्हणालात, पाना दोनदा हातात तोललात आणि गुपचूप ठेवून दिलात. तेही मला दिसलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला माफ करा.

रविवार पेठेतले ते जुने दुकानदार आठवतात? "एनु बेकु?" म्हणून विचारायचे, तुम्ही कानडीत सुरू करायचात आणि ते मराठीत उत्तर द्यायचे. कानस मागितली की आधी विचारायचे, पोलादाला पाहिजे की पितळेला? मग चार कानशी पुढ्यात ठेवायचे, एकेक बोटावर फिरवून बघू द्यायचे. नको असली तर नको, कपाळावर आठी नाही. आई म्हणते, आपण मराठी म्हणून तो तसा वागला. नाही गं, तो मुलगा मराठीच बोलत होता, तेही आपल्यासारखंच. भांडण भाषेचं नाही. त्याला तो विकतो ती वस्तू माहीत नाही, आणि ती माहीत असावी असं त्याच्या मालकालाही वाटत नाही.

म्हणून तक्रार मुलाच्या नावानं केली नाही. दुकानाच्या नावानं केली. त्याच्या पोटावर पाय येईल ही तुमची काळजी मला कळते, ती मीही केली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला, तिथं मराठीत बोलतात. बिल माझ्या नावाचं आहे, पैसे मी दिले, त्यामुळं तुम्हाला कुणी बोलावणार नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे की सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला दुकानदार नकार देऊ शकत नाही. आपल्या बिलावर मुदत नाही, खाली फक्त "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय. तीन आठवडेच झालेत. शिवाय पेटीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, हे तर आणखी वेगळं. त्यांनी दाद दिली नाही तर ग्राहक आयोगात अर्ज इथं पुण्यातूनही करता येतो, ५ लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही. बेळगावात तुम्हाला कुठल्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. १,८५० रुपयांसाठी करत नाहीये. उद्या दुसऱ्या कुणाच्या हाताचं बोट जायला नको. आणि "हात थरथरतो" हे वाक्य मला परत घ्यायला लावायचंय.

आई, तुटका पाना टाकू नकोस. दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेव. बिलाची छपाई पुसट होते, त्याचा उजेडात एक फोटो पाठव.

प्लंबर शनिवारी सकाळी येईल. काकांच्या ओळखीचा आहे, पैसे दिलेत, तुम्ही देऊ नका. टाकीखालचा व्हॉल्व्ह पितळी बसवेल, गंजलेला जीआय पाइप बदलेल, आणि मोरीत एक नळ खाली घेईल, म्हणजे आईला बादली उचलायला नको. बाबा, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळतो का बघा, तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. पण शिडीवर चढायचं नाही. यापुढं कधीच नाही.

हे लिहिताना हात थांबला. त्या मुलानं वय काढलं म्हणून मी एवढी पेटले, आणि आता मीही तेच म्हणतेय असं वाटेल तुम्हाला. तसं नाही, बाबा. तुमच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या शिडीवर नाही, ओल्या गच्चीवर नाही, आणि तुमच्या साखरेवर तर मुळीच नाही.

साखर तपासून घ्या, जेवणाआधीची आणि नंतरची, आणि आकडा मला आई सांगेल, तुम्ही नाही. पट्टी ओली करायची नाही. आंघोळीला हात प्लास्टिकच्या पिशवीत. डाव्या हातानं जेवायला संकोच कसला, आई भात कालवून देईल. मला ताप असताना दहीभाताचे गोळे करून ताटाच्या कडेला मांडायचात तुम्ही, तसे. श्राद्धाच्या स्वयंपाकाला, आई, काकूला बोलाव, एकटीनं घाट घालू नकोस.

नवा पाना घेतलाय. इथल्या दुकानदारानं खोक्यातून काढून हातात दिला, पंधरा मिनिटं बघू दिला. जबडा घडीव, दात्यांवरून कानस नुसती घसरते, घासत नाही. दोरीला टांगून वाजवलाही, दुकानातच. १२ इंची आहे, तुमच्या जुन्याएवढाच. जुन्याची सर येणार नाही, ते मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात आत्याचा मुलगा येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. खंडेनवमीला पाटावर मधे ठेवा, कानस आणि हातोडीच्या शेजारी. हळदकुंकू आईच लावेल, तुम्ही बोटं ओली करू नका. झेंडू मी येताना आणते.

तुमची,
मनू