न खोडलेल्या प्रश्नचिन्हांसाठी

प्रिय मुली,

तोंडावर आभार मानले की तू लगेच विषय बदलतेस. म्हणून हे उघड पत्र. आता बदल बघू विषय.

परवा रात्री दहावा भाग संपला. 'मलाझान बुक ऑफ द फॉलन' ही स्टीव्हन एरिक्सनची काल्पनिक जगातली दहा भागांची इंग्रजी कादंबरीमालिका संपली. घरात निजानीज झाली होती. पुस्तक मिटून मांडीवर घेतलं आणि दिवा न मालवता बराच वेळ तशीच बसून राहिले. मग उठून पहिला भाग काढला, तुझ्याकडून आणलेला, कडा मऊ पडलेला, आणि त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा शोधत बसले. त्या खुणांबद्दलच लिहायचंय. पण तू भेटण्याआधी जे भेटले त्यांचाही हिशोब आधी होऊ दे. अकाउंट्समधली बाई आहे मी, एकच बाजू लिहून वही मिटता येत नाही मला.

हे पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदा आलं ते नात्यातल्या एका हुशार मुलाकडून. "वाचून बघ, पण तुला झेपणार नाही," असं म्हणून त्याने ते दिलं. पुस्तक देताना असं म्हणणाऱ्याला नक्की काय हवं असतं, मला अजून कळलेलं नाही. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांवर माझा जन्म गेला. इंग्रजीचीही भीती नव्हती. तीस वर्षं ऑडिटवाल्यांच्या शेऱ्यांचं इंग्रजी वाचलंय, त्याहून अवघड ते काय असणार? बसले वाचायला.

सुरुवात तर साधी वाटली. तटावर उभा असलेला एक मुलगा, खाली शहराच्या एका भागातून धूर निघतोय, शेजारी एक सैनिक. मुलाचं नाव गॅनोज पारान. बरं, लक्षात ठेवलं. पुढचं प्रकरण उघडलं तर मध्ये सात वर्षं गेलेली, मुलगा लेफ्टनंट झालेला आणि रस्त्यावर प्रेतांचा खच. त्याच्या पुढच्या प्रकरणात भलतंच शहर, पेल नावाचं. त्याचा वेढा वर्षानुवर्षं चाललेला, आणि आपण पोचतो तेव्हा सगळं उरकत आलेलं. आकाशात एक डोंगर तरंगतोय. तो का तरंगतोय, कुणी सांगत नाही. तिथल्या माणसांना माहीत आहे ना, मग झालं! 'वॉरन' हा शब्द पदोपदी येतो. त्याचा जादूशी काहीतरी संबंध आहे, एवढंच उमगतं. शेवटी शब्दसूची दिली आहे म्हणून मोठ्या आशेने उघडली, तर एका शब्दाच्या अर्थात आणखी दोन अनोळखी शब्द.

मी वही केली. डावीकडे नाव, उजवीकडे कोण, कुणाच्या बाजूचा, कुठे भेटला. उजवा रकाना जवळजवळ रिकामाच. दहा पानं वाचायची, मागे जायचं, वही ताडून बघायची, पुन्हा दहा पानं. एकशेचाळिसाव्या पानावर मी पुस्तक मिटलं. आपलं वय झालं, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

आणि मग सल्ले. नात्यातला मुलगा म्हणाला, "मी बोललो नव्हतो?" वाचनाचा दांडगा व्यासंग असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पहिला भाग कसाबसा काढा, खरी मजा पुढे आहे." म्हणजे सातशे पानं दात आवळून काढायची, मग आनंद मिळणार. एकाने तक्ता पाठवला. कुठला भाग कधी, याच जगावर लेखकाच्या मित्राने ज्या वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या आहेत त्या मध्ये कुठे घुसवायच्या, सगळं रंगीत बाणांनी दाखवलेलं. तक्ता बघून माझं पुस्तकाबद्दलचं उरलंसुरलं कुतूहलही गेलं. सगळ्यात कहर केला एका सज्जनाने. मला "सोपं जावं" म्हणून त्याने तिसऱ्या भागात कोण मरतं ते सांगून टाकलं. मी पहिल्या भागात अडकलेली! आणि आपण मदत केली असं त्याला आजही वाटतं. मला ते पान दोन हजार पानं आधीपासून दिसत होतं गं. त्या माणसाशी पुस्तकातली मंडळी हसत होती, गप्पा मारत होती, आणि मी मात्र त्याच्या तेराव्याला बसल्यासारखी.

मग तू आलीस. ऑफिसात, समोरच्या टेबलावर, नवी नवी, कुणाशी फारसं न बोलणारी. एकदा जेवणाच्या सुट्टीत तुझ्या पिशवीतून याच मालिकेतला कुठलासा भाग डोकावत होता. मी म्हटलं, "मी सोडलं बाई ते. माझं डोकं नाही तेवढं." तू एवढंच विचारलंस, "कुठपर्यंत गेला होतात?" मी म्हटलं, "एकशेचाळीस." तू म्हणालीस, "मग पेलच्या पुढे गेलात की!" मी केवढा मोठा घाट चढून आल्यासारखं. बस्स. पुढे ना उपदेश, ना "वाचाच तुम्ही". दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तुझी 'गार्डन्स ऑफ द मून'ची, म्हणजे त्याच पहिल्या भागाची, प्रत होती.

मी संध्याकाळी उघडली. सहाव्या की सातव्या पानावर समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं: "हा कोण?" दोन पानांनी: "हा तोच का?" पुढे: "मेला? की नाही?" एका ठिकाणी नुसतं "??". टॅटरसेल ही जादूगारीण पहिल्यांदा येते तिथे "हिच्याकडे लक्ष ठेवायचं का?" आणि जिथे मी पुस्तक मिटलं होतं त्याच्या जरा अलीकडे, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात, "आज इथेच थांबते, डोकं दुखतंय."

अगं, मी हसले. एकटीच, मोठ्याने.

मग लक्षात आलं की काही प्रश्नचिन्हांपुढे बरोबरची खूण आहे, वेगळ्या, जाड पेन्सिलीने. दुसऱ्या वाचनाची. बऱ्याच ठिकाणी ती खूणही नाही. प्रश्न तसाच. तू ही मालिका तीनदा वाचली आहेस आणि तरी तसाच! आणि तीन ठिकाणी समासात पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, वर लिहिलेलं: "खाली उत्तर आहे. सहावा भाग झाल्यावर उचला." म्हणजे आदल्या रात्री तू अख्खं पुस्तक चाळलंस, माझा विरस होईल अशी उत्तरं शोधलीस आणि झाकलीस. स्वतःचं अज्ञान मात्र एकही झाकलं नाहीस.

तुला खोडता येत नाही असं तर नाही. ऑडिटच्या आधी व्हाउचरवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम तुझंच होतं, आणि तुझ्यासारखं स्वच्छ खोडणारं माणूस मी त्या खोलीत पाहिलं नाही. रबराची भुकटीसुद्धा तळहातावर गोळा करून टोपलीत टाकायचीस. तेच रबर पुस्तकावर फिरवून मला कोरी प्रत देणं तुला कितीसं अवघड होतं? वयाने दुप्पट असलेल्या बाईच्या हातात आपलं "डोकं दुखतंय" देताना काहीतरी वाटलं असेलच की. तरी दिलंस.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली, आणि ती माझ्याच धंद्यातली निघाली. जमा-खर्चात एखादी रक्कम कुणाची आहे ते कळत नसेल तर आपण काम थांबवून बसत नाही. ती सस्पेन्सला, म्हणजे तात्पुरत्या खात्यात, टाकतो आणि पुढे जातो. कधीतरी तीन महिन्यांनी एखादं पत्र येतं, एखादी पावती सापडते आणि नोंद आपल्या जागी जाऊन बसते. तू तेच करत होतीस. मी मात्र प्रत्येक पानाचा ताळेबंद त्याच पानावर जुळवायला निघाले होते. वही फेकून दिली आणि पेन्सिल घेतली.

पुढचं थोडक्यात, कारण तुला ते माहीत आहे. दुसऱ्या भागात लेखकाने आपल्याला उचलून वेगळ्याच खंडावर टाकलं, बहुतेक माणसं नवी. मी तणतणत तुझ्याकडे आले, तर तू म्हणालीस, "मी पण चिडले होते." तुझं हे "मी पण" मला किती वेळा पुरलं! तिसऱ्या भागाची सुरुवात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी होते, तेव्हाही पुरलं. एव्हाना मी चिडायचं सोडून दिलं होतं म्हणा. पहिल्या भागातला तो बडबड्या क्रुप स्वतःबद्दल "क्रुपला असं वाटतं" म्हणून बोलायला लागला की मी कुठल्याही खंडावर जायला तयार होते.

मग एकदा तू सांगितलंस की हा स्टीव्हन एरिक्सन मुळात पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकलेला माणूस. इयान एसलमाँट या मित्राबरोबर खेळता खेळता त्याने हे जग रचलं, पहिल्या भागाची तर आधी चित्रपटाची पटकथा झाली होती, आणि मग १९९९ ते २०११ अशी बारा वर्षं तो एकामागून एक दहा भाग काढत राहिला. पुरातत्त्व म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. खणताना अख्खा रांजण कुठे मिळतो? खापरं मिळतात. या माणसाने आपल्याला खापरं दिलीत, आणि जुळली नाहीत तर लोक खापर फोडतात ते वाचकाच्याच डोक्यावर. या कोटीवर तू हसली नव्हतीस. मी लक्षात ठेवलंय.

पाचव्या भागाने मात्र मला विकतच घेतलं. पुन्हा तिसरंच जग, पण या लेदर नावाच्या राज्यात सगळा कारभार कर्जावर चालतो. कर्ज वारशाने मिळतं, कर्जात बुडालेल्यांचा एक वेगळा वर्गच आहे. आणि एक गृहस्थ, टेहोल बेडिक्ट, फाटक्या कपड्यांत गच्चीवर झोपतात आणि तिथून आपल्या नोकराच्या, बगच्या, मदतीने अख्ख्या राज्याचं दिवाळं काढायचा बेत करतात. तीस वर्षं जमा-खर्च सांभाळलेल्या बाईला याहून मोठं सुख कोणतं? त्या भागात माझी प्रश्नचिन्हं सगळ्यात कमी आहेत. तुझी सगळ्यात जास्त. "हे व्याजाचं काय चाललंय?" असं तू लिहिलंयस, त्याच्याखाली मी अर्धं पान उत्तर लिहिलंय. वाच.

तू एकदा म्हणाली होतीस, महाभारतात काय कमी नावं आहेत? अर्जुन, पार्थ, धनंजय, सव्यसाची, सगळा एकच माणूस, तिथे कुणी गोंधळत नाही. तेव्हा मी मान डोलावली. पण नंतर वाटलं, महाभारत आपल्याला कुणी सातशे पानांचा ठोकळा हातात देऊन "झेपणार नाही" असं सांगितलं नव्हतं. कुणीतरी शेजारी पडून, मध्येच कुठूनतरी, सांगितलं होतं. आपण "हा कोण?" विचारायचो आणि सांगणारं माणूस न रागावता पुन्हा सांगायचं, किंवा "कळेल पुढे" म्हणायचं. या वयात मला पुन्हा तसं कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. बहुतेकांना एखादी गोष्ट आली की पहिलं काम काय, तर आपण कुठे अडखळलो होतो ते पुसून टाकणं. मग त्यांच्या हाताखालच्या नव्या पोरांना वाटतं, साहेब जन्मतःच ताळेबंद घेऊन आले. मीही हेच केलंय, खोटं कशाला बोलू? माझ्या हाताखाली शिकलेल्या किती मुलींना मी माझ्या पहिल्या वर्षाची चुकलेली बेरीज दाखवली असेल? एकीलाही नाही. निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नव्या ट्रेनीला मी माझी एक जुनी वही दाखवली, लाल शेऱ्यांनी भरलेली. ती बिचारी इतकी खूश झाली की मला लाजच वाटली.

तर आता तुझी पुस्तकं परत पाठवतेय. पहिल्या भागात माझी चिन्हं निळ्या पेन्सिलीने आहेत, तुझ्या चिन्हांच्या खाली. जिथे मला उत्तर सापडलं आणि तुला नव्हतं (अशा चार जागा आहेत, फुशारकी समज) तिथे चिठ्ठ्या चिकटवल्यात. वाटलं तर उचल, नाहीतर चौथ्या वाचनात स्वतः शोध. पिवळ्या तीन चिठ्ठ्या मी सहावा भाग झाल्यावरच उचलल्या. शपथ.

एक राहिलं. दुसऱ्या भागाचा शेवट. सेनापती कोल्टेन हजारो निर्वासितांना घेऊन चाललाय, इतिहासकार डायकर सगळं बघतोय, ती पानं. तिथे समास कोरे आहेत. तुझं एकही चिन्ह नाही, माझंही नाही. पण एका पानावर खालच्या कोपऱ्यात कागद रुपयाएवढा फुगलेला आहे. मला वाटतं, प्रत माझ्याकडे आली तेव्हाच तो तसा होता. आता त्याच्या शेजारी आणखी एक झालाय, जरासा मोठा. विचारशील तर सांगेन, पाणी पिताना सांडलं.

तुझी,
अजूनही सस्पेन्सला बरंच काही शिल्लक असलेली
मॅडम