एकोणिसावा वाढदिवस आणि इन्सुलिनचे पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये मधुमेह असलेल्या मुलांना औषधे मोफत मिळतात, ती आजारामुळे, अशी बऱ्याच मराठी घरांत समजूत आहे. प्रत्यक्षात ती वयामुळे मिळतात. सोळा वर्षांखालच्या कुणालाच प्रिस्क्रिप्शनचे शुल्क पडत नाही. १६ ते १८ या वयात पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाही नाही. एकोणीस पूर्ण झाले की ही सवलत संपते. सोळानंतर शिक्षण सोडून कामाला लागलेल्यांची त्याआधीच जाते.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना शुल्कमाफी आहे, पण नुसते निदान त्याला पुरत नाही. हातात चालू मुदतीचे वैद्यकीय सूट प्रमाणपत्र लागते. त्यासाठी एफपी९२ए हा फॉर्म जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात मागावा. आपला भाग आपण भरायचा, उरलेल्यावर डॉक्टरांची किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीची सही घ्यायची. अर्ज पोहोचण्याच्या आधीचा एक महिना प्रमाणपत्रात धरला जातो, त्याहून मागचा काळ नाही. म्हणून वाढदिवसाच्या आधीच अर्ज केलेला बरा.

उशीर महागात पडतो, कारण शुल्क प्रत्येक वस्तूमागे वेगळे आहे. १ मे २०२४ पासून लागू झालेला दर ९.९० पौंड. दिवसभराचे इन्सुलिन, जेवणाआधीचे इन्सुलिन, पेनच्या सुया, रक्तशर्करेच्या पट्ट्या, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), कीटोनच्या पट्ट्या आणि रक्तशर्करा मोजणारा सेन्सर, अशा सात गोष्टी एकदम घेतल्या तर ६९.३० पौंड होतात. खर्चाच्या धाकाने एखाद्याने पट्ट्या किंवा इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली, तर टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा मधुमेहात, त्याची परिणती कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, होऊ शकते. या पत्राची खरी निकड तीच आहे.

सगळ्यात जास्त गफलत विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात होते. साधारण अठराव्या वर्षी प्रवेश होतो आणि त्याच वर्षात एकोणिसावा वाढदिवस येतो. शहर नवे, जीपी नवा, औषधे पहिल्यांदाच स्वतः आणायची. ‘मी पूर्णवेळ विद्यार्थी आहे’ म्हणून मुले प्रिस्क्रिप्शनवरच्या शिक्षणाच्या रकान्यावर खूण करतात; एकोणिसाव्या वर्षी ती खूण चुकीची ठरते. प्रमाणपत्र नसताना वैद्यकीय सवलतीच्या रकान्यावर खूण केली तरी तेच. पडताळणीत हे उघड झाले की बुडालेले शुल्क भरावे लागतेच, वर त्याच्या पाचपट, कमाल १०० पौंडांपर्यंत दंड बसतो. २८ दिवसांत तो न भरल्यास आणखी ५० पौंडांपर्यंत वाढू शकतात. असे पत्र आले तर बाजूला टाकू नका. त्यावर हरकत घेता येते.

प्रमाणपत्र हाती यायच्या आत औषध घ्यावेच लागले, तर पैसे भरतानाच फार्मसीत एफपी५७ पावती मागा. नंतर ती मिळत नाही. पावती असली तर तीन महिन्यांच्या आत परतावा मागता येतो, अर्थात औषध घेतल्याची तारीख प्रमाणपत्राच्या मुदतीत बसायला हवी.

केवळ आहारावर मधुमेह सांभाळणाऱ्यांना ही सूट नाही. पीसीओएस या बीजाशयाच्या विकारासाठी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या मुलींनाही नाही, कारण गोळी तीच असली तरी आजार सूट मिळणाऱ्या आजारांच्या यादीतला नाही. उलट प्रमाणपत्र एकदा मिळाले की दम्याच्या इनहेलरपासून प्रतिजैविकांपर्यंत एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन त्यात येते, हे अनेकांना माहीत नसते. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र हे शुल्कच नाही.

मुलांच्या मधुमेह क्लिनिकमधून मोठ्यांच्या क्लिनिकमध्ये पाठवताना इन्सुलिनचे डोस, गाडी चालवणे, मद्यपान यांवर बोलणे होते. त्याच भेटीत हा फॉर्मही हातात दिला जावा, अशी क्लिनिकना कळकळीची विनंती आहे. माहिती असलेल्या आईवडिलांची मुले सुटतात. भुर्दंड बसतो तो ज्यांना सांगणारे कुणी नाही त्यांना.

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. एकोणिसाव्या वर्षी काढलेले चोविसाव्या वर्षी संपते, आणि नूतनीकरणाची आठवण नोंदवलेल्या पत्त्यावर जाते. तोवर घर दोन-तीनदा बदललेले असते. पत्ता बदलला की प्रमाणपत्र देणाऱ्या एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस अथॉरिटीला कळवा आणि संपण्याची तारीख आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

आपला,
एक वाचक