विहिरीच्या कागदावर सही करू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुऱ्या,

विहीर बुजवायच्या संमतीचा दादाचा कागद तुला मिळाला असेल, नाहीतर या आठवड्यात मिळेल. सही करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे क्रमानंच सांगायला हवं.

माझी शुगर ठीक. आईचा खोकला गेला.

विहीर आटली, असं दादा तुला सांगेल. मोटार फिरते, पण टाकीत पाणी चढत नाही, हे खरं. मिस्त्री आला, आत डोकावलासुद्धा नाही, आणि म्हणाला झरे मेले, बुजवून टाका, तीनशे फूट बोअर मारा. दादाला तेवढंच हवं होतं. त्या जागेवर त्याला दोन गाड्या दिसायला लागल्यात. वर म्हणतो, 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आली, आता विहीर कशाला? अरे, 2019 च्या ऑगस्टात उपसा केंद्रंच पुराच्या पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा सगळी गल्ली कुणाच्या दारात उभी होती? वीज नव्हती, रहाटानं पाणी ओढलं. धुणं, भांडी, संडास, सगळं तिच्यावर. प्यायचं तेवढं उकळून. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तू पुण्यात टीव्हीसमोर होतास, मी पोहऱ्यासमोर. आणि बोअरला तरी पाण्याची हमी कुठाय? आपल्याकडे पाणी वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. भेग लागली तर लागली, नाहीतर तीनशे फूट नुसती धूळ.

म्हणून आधी दोरीला नट बांधून विहिरीत सोडला. मोटारीपासून पाणी सतरा फुटांवर, म्हणजे पाच मीटरच्या जरा वर. ऐन मे महिन्यात! आता तुझं-माझं जुनं भांडण आठव. मोठ्या एचपीची मोटार बसवली तर पंचगंगासुद्धा ओढून आणेल, म्हणायचास. लेका, पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. समुद्रसपाटीला तिचा जोर दहा मीटरपर्यंत, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर म्हणून त्याहून कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरवरच दम सुटतो. पाचला एचपीचा प्रश्नच नाही. या मुद्द्यावर तू अजून मला चहा देणं लागतोस.

मग पंपात आणि सक्शन पाइपात फनेलमधून पाणी भरून ठेवलं. पाइपाच्या तळाशी पाणी अडवणारा फूट व्हॉल्व्ह गळका असता तर सगळं घडाघडा खाली उतरलं असतं. सकाळी जेमतेम दोन बोटं कमी. म्हणजे व्हॉल्व्ह धड. मोटार लावली की पहिल्यांदा धार यायची, मग फुरफुर, मग नुसता आवाज. कुठूनतरी हवा शिरत होती. भोक पडलेल्या नळीनं उसाचा रस पिऊन बघ, तसंच. उदबत्ती पेटवून सक्शनच्या एकेका जोडाशी धरली. वहिनी म्हणाली, आता नारळही फोडा. सगळ्या जोडांवर धूर सरळ वर गेला, आणि ग्लँडपाशी, म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथं दोरी भरून आवळलेल्या जागी, आत वळला. तिथं ग्रीस थापलं, तर धार सलग!

सुऱ्या, ग्लँड. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तुझे आप्पा ग्लँडखाली डालड्याचा डबा ठेवायचे, आठवतं? टिपकलीच पाहिजे, म्हणायचे. थेंब थांबला की दोरी जळते. आपण तो डबा उपडा करून तबला वाजवला म्हणून दोघांनी मार खाल्ला. दादानं तिथं नव्या फरश्या घातल्या, त्या ओल्या होतात म्हणून कुणाकडून तरी ग्लँड पार आवळून घेतली. थेंब बंद, आतली दोरी कोरडी पडून कोळशासारखी कडक. शाफ्ट फिरतो तशी कडेनं हवा आत.

मेन स्विच काढून ठेवला, जुनी दोरी आकड्यानं उपसली. शिवाजी उद्यमनगरातून ग्रॅफाइटची दोरी आणली, शाफ्टच्या मापानं कड्या कापल्या, एकाचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ न देता बसवल्या. नट हातानंच आवळले, मोटार चालू करून मग थोडे थोडे, थेंब धरेपर्यंत. पाणी भरून लावली, आणि टाकी ओसंडेपर्यंत धार तुटली नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. आप्पा असते तर, इतकंच वाटत होतं.

दादानं बघितलं. म्हणाला, चालू झाली ते बरं, पण बुजवायची ती बुजवायचीच. एकदा बुजवलेली विहीर परत कुणी खणत नाही रे. अर्धी तुमच्या हद्दीत आहे, प्रॉपर्टी कार्डावर आप्पांचं नाव अजून आहे. तुझ्या सहीवाचून त्याला एक टोपलं माती टाकता येणार नाही.

ऋजूची दहावी कशी गेली? नव्या नोकरीत साहेब बरा भेटला म्हणालास, छान. वहिनींच्या गुडघ्याला शेक चालू ठेवा.

दादाला फोन तूच कर, तो तुझं ऐकतो. रविवारी, तांबडा-पांढरा रिचवून तो आडवा झाला की कर. गाड्यांचंही बोल: माझी मागची पडवी पाडून तिथं दोन गाड्या बसतात, मी मापं घेतलीत, पडवी द्यायला तयार आहे. मी सांगितलं तर त्यात डाव दिसेल त्याला. बोलणं झालं की कळव.

तुझा,
बाळ्या