मदत कोणालाच नाही, मग ते हेल्पिंग व्हर्ब कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी दुसरीत आहे. मागच्या आठवड्यात तिला इंग्रजीचं एक वर्कशीट आलं, वाक्यातल्या हेल्पिंग व्हर्बला, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणाऱ्या क्रियापदाला, गोल करा असं. 'शी इज डान्सिंग', 'दे आर रनिंग' वगैरे सगळी तिने पटापट केली पण 'शी इज अ डॉक्टर' कोरंच सोडलं. मी म्हटलं का गं, तर म्हणाली, "आई, इथे इज कोणाला हेल्प करतंय? दुसरं व्हर्बच नाहीये ना." वर्कशीट तपासून आलं तेव्हा नेमकी त्याच वाक्यावर लाल फुली होती.

मला फार वाईट वाटलं, कारण मुलीचंच बरोबर आहे. त्या वाक्यात इज एकटंच आहे, तेच मुख्य क्रियापद. आपण काय करतो, मुलांकडून ॲम, इज, आर, वॉज, वेअर अशी 23 शब्दांची यादी सुरात पाठ करून घेतो आणि मग यादीतला शब्द दिसला की गोल कर, एवढंच त्यांना कळतं. पण त्या 23 मधले बी, हॅव आणि डू यांची जी 14 रूपं आहेत ती वाक्यात मुख्य क्रियापद म्हणून पण येतात. 'आय हॅव अ पेन्सिल' मध्ये हॅव मुख्य आणि 'आय हॅव ईटन' मध्ये तेच मदतीला. कायम मदतनीस म्हणावेत असे कॅन, विल, मस्ट वगैरे 9 च.

ॲक्शन व्हर्बचं त्या मानाने सोपं आहे. जंप म्हटलं की उडी मारायची, क्लॅप म्हटलं की टाळी, अंगाने केलेलं मूल विसरत नाही. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात यावरच शिकवायची पूर्ण पद्धत बसवली. फक्त 'व्हर्ब म्हणजे डूइंग वर्ड' एवढ्यावर थांबू नका, लाइक (आवडणं) आणि नो (माहीत असणं) कसे करून दाखवणार?

खरी अडचण हेल्पिंग व्हर्बची आणि ती आपल्या मराठीतून पण येते. ॲम म्हणजे आहे असं एकदा डोक्यात बसलं की 'मी जातो आहे' चं 'आय ॲम गो' होतं. म्हणून सुट्टं ॲम शिकवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, 'ॲम गोइंग', 'ॲम ईटिंग' अशी जोडीच तोंडात बसवावी. आणि डू ला तर मराठीत जोडच नाही, 'तू जातोस का' मधला 'का' आपण शेवटी टाकून मोकळे होतो.

घरी मी मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना हे पाट्या देऊन शिकवलं. तिघींच्या हातात 'शी', 'कॅन', 'जंप'. प्रश्न करा म्हटलं की शी आणि कॅनने जागा बदलायची, झालं 'कॅन शी जंप'. मग कॅनला बसवलं आणि जंपच्या पाटीला एसचा एक चिठोरा चिकटवला, 'शी जंप्स'. आता प्रश्न करा! दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या कारण जागा बदलायला कोणी नाही. मग बाहेरून डू ला बोलावलं, जंपचा तो चिठोरा काढून डू ला दिला, त्याचं झालं डज आणि जंप परत साधं. त्या दिवसापासून 'डज शी जंप्स' असं एकीनेही म्हटलेलं नाही, एसचा चिठोरा एकच आहे ना, तो दोघांकडे कसा असेल.

(जागा बदलते ती हेल्पिंग, असं मात्र मुलांना सांगू नका, 'इज शी अ डॉक्टर' मध्ये एकटं इज पण पुढे येतंच. मदत कोणाला, हाच प्रश्न विचारायचा.)

माझी टीचरांवर तक्रार नाही, वर्कशीटबरोबर तयार उत्तरं येतात आणि एवढ्या मुलांचं तपासताना त्यावरच विसंबावं लागतं. पण ती उत्तरं बनवणाऱ्यांनी आणि वाटणाऱ्यांनी एकदा नीट वाचावीत. मुलीला मी तुझं उत्तर बरोबर आहे असं सांगितलंय आणि सोमवारी ते वर्कशीट घेऊन टीचरांना भेटणार आहे.

आपली,
एक पालक