पन्नासची लेन्स घेताना आधी सेन्सर विचारा की!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आपल्या बेळगावात गल्लोगल्ली पोरं कॅमेरे घेऊन उभी असतात, बघून बरं वाटतं, पण त्यातली कितीतरी जण पार भिंतीला पाठ लावून उभी आणि तरी चित्ररथ काय फ्रेममध्ये मावत नाही, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं ‘पन्नासची प्राईम (झूम न होणारी ५० मिमीची लेन्स) घे, डोळ्याला दिसतं तसं दिसतं’. हे बरोबर आहे हो, पण ते ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या मोठ्या चिपवर! स्वस्तातल्या डीएसएलआरमध्ये बहुतेक त्याहून छोटा एपीएस-सी (म्हणजेच ‘क्रॉप’) सेन्सर असतो, कॅननचा साधारण २२ बाय १५ मिमी, निकॉन-सोनीचा थोडा मोठा. लेन्स आत टाकते ते गोल चित्र तेवढंच, छोटा सेन्सर त्यातला मधला तुकडा तेवढा उचलतो. म्हणून पन्नासच्या लेन्सला दिसणारा आडवा कोन फुल फ्रेमवर ४० अंशांच्या आसपास तर कॅननच्या क्रॉपवर २५.

अंशात डोकं चालत नसेल तर फुटात बघा. हळदीला दहा फुटांवरून फोटो काढला तर फुल फ्रेमला सात फूट रुंदी मिळते, क्रॉपला साडेचार, म्हणजे नवरीच्या बाजूच्या काकू गेल्याच बाहेर. त्यांना आत घ्यायचं तर मागं सरकून सोळा फुटांवर जायला पाहिजे, आमच्या शहापुरातल्या घरात सोळा फूट आणायचे कुठून?

आणि ‘क्रॉपवर ५०ची ८० होते’ हे जे ठोकून देतात ना, तसं काही होत नाही, फोकल लेंथ (लेन्सवर छापलेला मिमीचा आकडा) ५०च राहते, कोन फक्त ८०च्या लेन्सएवढा अरुंद होतो. दुसरी एक थाप म्हणजे क्रॉपसाठीच बनवलेल्या १८-५५च्या झूम लेन्सवर आकडे आधीच हिशोब करून छापलेत म्हणे! अजिबात नाही, तिथंपण कॅननला १.६ नं (फुल फ्रेमची रुंदी भागिले क्रॉपची) गुणायचंच, १८ची लेन्स २९सारखी बघते. उलटं मोबाईलवाले मात्र हिशोब केलेलाच आकडा सांगतात, ‘२४ एमएम’ म्हणून. मग गोंधळ होणार नाही तर काय.

भीमगड अभयारण्याकडं पक्षी टिपायला जाणाऱ्यांना हाच क्रॉप फायद्याचा, कॅननवर ३००च्या लेन्सला ४८०च्या लेन्सएवढा कोन मिळतो. पण घरातल्या कार्यक्रमाला आणि अरुंद गल्लीला क्रॉपवर २४ किंवा १८च लागते.

तेव्हा विकणाऱ्यांनी कॅमेऱ्याची बॉडी कुठली ते आधी विचारून मगच लेन्स काढावी, आणि आपल्या पेपरात कॅमेऱ्याची माहिती छापताना एमएमसोबत सेन्सरचं माप पण द्या की, एका ओळीचं तर काम आहे.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव