‘कोर्टात जा’ म्हणणाऱ्या सरकारला खुले पत्र

माननीय कायदामंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वर डोंगरकापणी चालू आहे आणि तिची माती व्हाळात (ओढ्यात) उतरणार, अशी लेखी तक्रार मी उन्हाळ्यातच दिली होती. ‘पावसाआधी पाहणी करतो’ असा शब्द अधिकाऱ्यांनी मला तोंडावर दिला. पाऊस आला, माती आली, अधिकारी आले नाहीत. आता गेल्या आठवड्यात पत्र आले: तक्रारदाराने योग्य त्या न्यायालयात दाद मागावी.

पोफळींच्या बुंध्यांशी गुडघाभर तांबडा चिखल साचला आहे. आळी बुजली, झावळ्या पिवळ्या पडल्या. विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळले तरी तांब्याच्या तळाशी गाळ बसतो. सासऱ्यांनी हाताने लावलेली झाडे आहेत ही. ती वाळताना बघायची आणि वकील शोधत फिरायचे?

दाद मागायची म्हणजे काय, तेही ऐका. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ म्हणते की, प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असे काही जाणूनबुजून ओढ्यात जाऊ देऊ नये. पण त्यासाठी सामान्य माणसाला फौजदारी कोर्टात जायचे तर कलम ४९ प्रमाणे आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. गोव्यात साठ दिवसांत अर्धा पावसाळा सरतो. कापणारा तोवर डोंगर सपाट करून मोकळा!

राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयाकडे जावे, तर त्याच्या २०१० च्या कायद्याने मुदत सहा महिन्यांची, वर फार तर ६० दिवस. तुमच्या पाहणीची वाट बघत बसले तर ती मुदतही निघून जाईल. लवादाचे आमचे खंडपीठ पुण्यात. २०१७ मध्ये तर केंद्राने गोव्याचे खटले दिल्लीला न्यायचे ठरवले होते, ते उच्च न्यायालयाने रोखले म्हणून वाचलो. लवादाच्या अखत्यारीतला वाद तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात नेता येत नाही, लवादाच्याच कायद्याचे कलम २९ आडवे येते. सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली तरी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, नकाशे, पाण्याचा अहवाल, प्रतिज्ञापत्र सगळे मीच जमवायचे. उच्च न्यायालयाची पायरी चढायला कुळागराचे उत्पन्न पुरणार आहे का?

नागरिकाला खटल्याचा अधिकार दिला तो सरकार झोपले तर त्याला जागे करता यावे म्हणून. तुमच्या खात्यांनी त्याचीच उशी केली आहे. मोजणी करणारे, नोटीस काढणारे, काम थांबवणारे लोक पगारावर आहेत, आणि त्यांचे काम करायचे मी, तेही पदरचे पैसे मोडून? वर २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढून दंड ठेवला. ज्याला डोंगर विकत घेता येतो, त्याला दंडाची कसली भीती? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना परवाना, आणि आम्हाला कोर्टाचा पत्ता, हेच या राज्यात वर्षानुवर्षे चालले आहे.

माझे मागणे एवढेच. ‘कोर्टात जा’ असे लिहिण्याआधी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पंचनामा करावा, आणि कारवाई का करत नाही याचे कारण सहीनिशी द्यावे, म्हणजे तोच कागद मला लवादापुढे ठेवता येईल. तालुक्याच्या विधी सेवा समितीत पर्यावरणाचे खटले चालवणारा वकील नेमावा. आणि कापणी आज थांबवा, पाऊस अजून संपलेला नाही.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक कुळागरवाली