रात्री एकची थ्री फेज: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, कर्नाटक राज्य,
सध्या मुक्काम बेळगाव

नमस्कार.

अधिवेशनाला तुम्ही सगळे डिसेंबरात आमच्याकडे येता. 2012 साली इथं सुवर्णसौध, म्हणजे बेळगावचं विधानभवन, उभं राहिल्यापासून हे दिवस बहुतेक वर्षी ठरलेलेच. हलग्याच्या माळावर गाड्यांची रांग लागते, पलीकडे आंदोलकांचे तंबू पडतात, आणि शहरात हॉटेलची खोली मिळणं मुश्किल होतं. बेंगळुरूची माणसं पहिल्या दिवशी हमखास म्हणतात, काय सुंदर हवा आहे! आहेच. साडेसातशे मीटर उंचीवरचा आमचा मुलूख, डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, सकाळी धुक्यातून सूर्य वर येतो तेव्हा खिडकीतून फारच छान दिसतं.

मला ही हवा रात्री एक वाजता भेटते.

आमचं गाव मार्कंडेय नदीच्या काठावर. भात निघाला की अर्ध्या एकरात कोबी, थोडी मिरची, आणि बांधापलीकडे वीस गुंठे ऊस. शेतपंपाला दिवसाला सात तास थ्री फेज, म्हणजे पंपाची मोटर चालते ती वीज, हे तुम्हाला सांगायला नको, नियम तुमचाच. ते सात तास कुठले, हे मात्र सांगायला पाहिजे. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री, आणि रात्री हातात पडतात ते एक ते पाच, चारच तास. रात्रीची पाळी आली की घराचं सगळं घड्याळच उलटं फिरतं.

नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्याची रात्रपाळी आणि करंटची रात्रपाळी एकाच आठवड्यात आली की तो भट्टीपुढं घामाघूम आणि मी दाऱ्यावर, पिकाला पाणी पाजत, कुडकुडत. मोबाईलचा गजर साडेबाराचा. पण त्याची गरज पडत नाही, मामंजी आधीच उठून खोकत बसलेले असतात. "चल गं, करंट यायची वेळ झाली." साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, त्यावर स्वेटर, कानाला मफलर, हातात बॅटरी आणि खोरं. शेत पंधरा मिनिटांवर. वाटेवरच्या गवतावर एवढं दव असतं की पाण्यात पाय घालायच्या आधीच साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली असते.

आता एक गंमत सांगते, जी फक्त रात्री पाणी पाजणाऱ्यालाच माहीत असते. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं. पाइपच्या तोंडाशी वाफ दिसते. पाय पाण्यात असतात तोपर्यंत बरं वाटतं, आणि बांधावर पाऊल टाकलं की वारा ओल्या पोटऱ्यांना जो झोंबतो तो थेट दातापर्यंत पोचतो. एक सरी भरायला दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात बांधावर उसाचा पाला पेटवून शेकत बसायचं. हात कुठं जरा सैल होतात तोवर सरी भरते. उठायचं, दारं मोडायचं, पाणी पुढच्या सरीला लावायचं. पाल्याची आग ही अशी, भपकन पेटते आणि तशीच विझते. परवा मामंजींना काडी ओढता येईना. बोटं आखडून गेली होती. सत्तरीला टेकलेला माणूस काडेपेटी माझ्या हातात देऊन गप्प बसून राहिला. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

मध्येच व्होल्टेज पडतं, मोटर बंद पडते. मग ओल्या हातानं स्टार्टर. हात पुसायला कोरडं काय असतं अंगावर त्या वेळी?

शहाणी माणसं सांगतात, ऑटो स्टार्टर बसवा आणि खुशाल झोपा. हे सांगणाऱ्यानं कधी पाणी पाजलेलं नसतं. ऑटो स्टार्टर मोटर चालू करतो, दारं मोडत नाही. सगळं पाणी एकाच सरीत जाऊन बांध फुटला की शेजाऱ्याच्या मसुरीत तळं होतं, आणि सकाळी भांडण. आमच्या शिवारातली मसूर न् हरभरा दवावर येणारी पिकं, त्यांना पाणी म्हणजे नुकसानच. ठिबक घाला म्हणतात. उसाला घातलंय आम्ही. नळी उंदरानं रात्रीत कुठं कुरतडली ते बघायला पुन्हा बॅटरी घेऊन जावंच लागतं. आणि एकानं तर मला सांगितलं, थंडीत रात्री पाणी दिलेलं पिकाला चांगलं, जमिनीत ऊब राहते. राहत असेल.

मामंजी माझ्याबरोबर का येतात, तेही लिहिते. बाईमाणूस रात्री एकटी शेतात कशी जाणार म्हणून. पाणी मीच पाजते, खोरं त्यांच्यापेक्षा मला बरं चालवता येतं, हे ते स्वतःच चारचौघांत सांगतात. ते येतात ते फक्त सोबतीला. दिवसा करंट असतो त्या आठवड्यात ते घरी उन्हात बसून नातवाचा अभ्यास घेतात आणि माझं काम एकटीनं होतं. म्हणजे रात्रीच्या एका पाळीत तुम्ही एका घरातली दोन माणसं जागवता, त्यातलं एक कामाचं आणि एक भीतीपोटी. पुरुष फौंड्रीत, गोव्यात नाहीतर पुण्यात, आणि शेत बायकांच्या हातात, अशी घरं आमच्या गावात थोडी नाहीत.

खानापूर तालुक्यात तर याहून वाईट. जांबोटीच्या वर माझ्या मावशीचं गाव आहे. तिथं रात्री पाण्याला चौघं जातात, एक दारं धरायला आणि तिघं डबे वाजवायला. गवा परवडला, तो दिसतो तरी. अस्वल अंगावर आल्यावरच कळतं.

पाचला करंट जातो. घरी येईस्तोवर सासूबाईंनी चूल पेटवलेली असते, हंड्यात पाणी उकळत असतं. पाय चुलीपुढं धरून वाटीभर आंबील पोटात गेली की माणसात आल्यासारखं वाटतं. मग धार काढायची, सहाला दूध घालायचं, पोराला उठवून साडेसातच्या बसला सोडायचं. बसबद्दल लिहीत नाही, ते खातं तुमचं नाही.

वीज फुकट आहे, हे मी विसरलेले नाही. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला बिल येत नाही, घरातल्या दिव्याचंही येत नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं तुम्ही म्हणू शकता. तरी दात बघतेच, कारण हा प्रश्न पैशाचा नाही, वेळेचा आहे. रात्रीची वीज शेतकऱ्याला का, याचं उत्तर मामंजी असं सांगतात: पूर्वी सगळी वीज शरावतीच्या पाण्यावर न् रायचूरच्या कोळशावर व्हायची. रात्री शहरं झोपली, कारखान्यांची मागणी उतरली की जी उरेल ती पंपाला. त्या काळात ते पटण्यासारखं होतं. पण आता तुमच्याच राज्यात पावगड्याला दोन हजार मेगावॅटचं सोलर पार्क आहे. तिथली वीज सूर्य माथ्यावर असतानाच तयार होते ना? मग दिवसा तयार होणारी वीज असताना आमची पाळी रात्रीचीच का? हिवाळ्यात आमच्याकडे आभाळ महिना महिना कोरं असतं. शेतीच्या फीडरांना, म्हणजे पंपांना वीज आणणाऱ्या वाहिन्यांना, सौरऊर्जेची जोड द्यायची योजना केंद्राचीही आहे, तुमचीही आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात 2017 पासून सौर कृषी वाहिनीचं काम चाललंय. तिकडं सगळं छानच आहे असं नाही हं. चंदगडात माझी बहीण दिलेली आहे, तिचा नवराही अजून अधूनमधून बॅटरी घेऊन बाहेर पडतो.

योजना पुरी व्हायला वर्षं लागतात, हे मान्य. म्हणून मागणी छोटी ठेवलीय. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी, हे तीन महिने तरी पंपांची पाळी दिवसाची करा. सात तास एकदम जमत नसतील तर पाच द्या, पण उजेडातले द्या. पावसाळ्यात आम्ही मोटर लावतच नाही, तेव्हाच्या रात्री हव्या तेवढ्या घ्या.

सीमेचा विषय या पत्रात आणलेला नाही. त्याची जागा वेगळी आहे आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. माझ्या बांधाला बांध लागून ज्यांचं शेत आहे ते कानडी. बेंगळुरूला थंडीला ‘चळी’ म्हणतात, पण ते आमच्यासारखंच ‘थंडी ऐती’ म्हणतात, आणि पाल्याच्या आगीवर चौघांचे हात एकदमच शेकले जातात. त्यांनी सांगितलंय, पत्रात आमचंही घाल. घातलं.

अधिवेशन संपायच्या आत एका रात्री या. सुवर्णसौधापासून गाडीनं फार वेळ लागत नाही. घोषणा, सत्कार काही करणार नाही, चहा करू आणि आरात रताळी भाजून ठेवू. पायात बूट नको, चिखलात रुततात, स्लिपर आणा. आणि सोबत एक कोरडा टॉवेल, स्टार्टरपाशी लागतो.

आपली,
मार्कंडेयकाठची एक शेतकरीण

ता. क. माझी पुतणी कानडी छान लिहिते. तिच्याकडून या पत्राची कानडी नक्कल करून घेऊन वेगळी पाठवली आहे. आमची रात्रीची पाळी या सोमवारपासून आहे, एक ते पाच.